उजू, काटा बराबर आहे

उजू,

भेटायला येणाऱ्या बायकांशी मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. त्या रडतात आणि मी चहा ठेवते. पण परवा शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या रझियाभाभी आल्या, माझा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "उजूची माय, एक पूछू का? पोरगी दिवसभर कम्प्युटरसमोर बसून काय करत होती? इतक्या वर्षांत आमी कधी पूछलंच न्हाई."

"दुसऱ्यानं लिहिलेलं वाचत होती," मी म्हणाले. "अन् चुकलं तिथं सांगत होती."

"म्हंजी मास्तरीण म्हणा की."

"मास्तरीण न्हाई. मास्तरीण लेकरांच्या चुका काढती. ही मोठ्या माणसांच्या काढायची. देशोदेशीच्या."

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझा आवाज मलाच मोठा वाटला, म्हणून मी उठून आत गेले. पण आत जाऊन उभी राहिले तर छातीत काहीतरी चांगलं वाटत होतं. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

तुझं काम मला कधी कळलं, आठवतं का? तू मामंजींची गोष्ट काढलीस तेव्हा. मी सासरी आले तेव्हापासून त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. ते जेवायला बसले की मी दाराआड उभी आणि तू इवलीशी मधे. "जा, आजोबाला इचार, भाकरी वाढू का." तू जायचीस, यायचीस, "आजोबा व्हय म्हणले." मी भाकरी द्यायची. एक दिवस मामंजी ताटावरून ओरडले, "अरे, मी कवाचा नको म्हणून राहिलो अन् ही भाकरी काहून येऊन राहिली?" तू त्यांच्याच ताटाशी बसून दुधात भाकरी चुरून खात होतीस. तुला पाहिजे असली की आजोबांचं 'नको' तू 'व्हय' करून आणायचीस.

ती गोष्ट तू मोठेपणी मला सांगितलीस आणि म्हणालीस, "आई, कम्प्युटर म्हंजी तू. दुकानातला वजनाचा काटा म्हंजी आजोबा. दोघं एकमेकाशी बोलत न्हाईत. मधी जे पोरगं पळतं ना, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कम्प्युटरला जितक्या वस्तू लावल्या तितके ड्रायव्हर. आता ते पोरगं निरोप बराबर नेतं का मधीच भाकरी खातं, हे कोणीतरी पाहिलं पाहिजे. ते मी पाहते."

"तूच?" मी म्हणाले. "जिनं भाकऱ्या खाल्ल्या?"

"मग? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक."

हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे काम तू हौसेनं नाही धरलंस, हेही मला सांगितलं पाहिजे. ते तुझ्या बाबांसाठी धरलंस. आपल्या भुसाराच्या दुकानात काटा कम्प्युटरला जोडला, तेव्हा आपल्या एवढ्याशा गोरेगावात आपलाच तसा होता. पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप पडद्यावर येणार आणि पावतीवर छापून निघणार. पण लाईट गेली आणि परत आली की, कम्प्युटर बॅटरीवर चालूच असला तरी, पडद्यावरचं वजन तिथंच अडकून राहायचं. पोतं उचलून नेलं तरी रिकाम्या काट्यावर गेलेल्या पोत्याचं वजन दिसायचं. असंच एकाचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर छापलं गेलं आणि तो माणूस भर बाजारात म्हणाला, "काटा मारला का शेटजी?" तुझ्या बाबांनी जन्मात काटा मारला नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तू तेव्हा पुण्याहून सुट्टीला आली होतीस. रुसल्यासारखी कम्प्युटरसमोर बसलीस आणि दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "काट्याची चूक न्हाई, बाबाची न्हाई, कम्प्युटरची बी न्हाई. मधल्या वायरमधी एक चिप हाय. लाईटीचा झटका बसला की ती गडबडती अन् कोणाला सांगत न्हाई. मधलं पोरगं जुनाच निरोप घेऊन उभं राहतं."

मग लाईट आली की वायर काढायची आणि परत लावायची, ही आपली रीतच झाली. बाबांना तेवढं पुरलं. तुला पुरलं नाही. हा ड्रायव्हर जगातली माणसं मिळून लिहितात, कोणी एक मालक नाही, हे तू शोधून काढलंस आणि त्यांच्यात जाऊन बसलीस. नोकरी घरूनच करायला लागलीस, आणि ती झाली की हे. लोक दुरुस्त्या पाठवायचे. पडद्यावर काढलेल्या ओळी लाल आणि घातलेल्या हिरव्या. तू एकेक ओळ बोटानं धरून वाचायचीस, जशी मी तांदूळ निवडते.

मला एकच खटकायचं. "सगळे लिहितात अन् तू नुसती पाहतीस. तुझं सोताचं काय हाय त्यात?" हे मी किती वेळा म्हणाले. तू म्हणायचीस, "करणारे लई हायेत, आई. थांबून पाहणारे कमी हायेत." मला ते पटलं नव्हतं. आपलं हे भांडण तसंच राहिलं. आता मला वाटतं की तुझं थोडं बरोबर होतं. सगळं नाही, थोडं.

पण मी तुला सांगू, त्या सगळ्यातलं माझ्या मनात काय राहिलं आहे? तू कोणाचं काम परत पाठवायच्या आधी मला हाक मारायचीस. "आई, ऐक. हे कोणाला लागंल का?" इंग्रजीत लिहिलेलं तू मला आपल्या बोलीत करून ऐकवायचीस. त्यातलं यंत्राचं मला काही कळायचं नाही, पण बोलणं टोचतं की नाही एवढं मला कळतं. सासरी मी तेवढंच शिकले. मी भाजी चिरता चिरता म्हणायचे, "हे 'मी आधीच सांगितलं होतं' काढ." तू काढायचीस. "हे जरा कडक हाय." तू म्हणायचीस, "कडक पाहिजेच, चूक मोठी हाय." मग ते ठेवायचीस. माझं सगळंच ऐकलंस असं नाही, पण विचारल्याशिवाय एकही पाठवलं नाहीस.

मग त्या परदेशातल्या माणसानं आपल्यासारख्या जुन्या वायरसाठी दुरुस्ती लिहिली. तुला इतका आनंद झाला की तू मला उठवून नाचवलंस. आणि नाचून झाल्यावर त्याचीच दुरुस्ती परत पाठवलीस! त्यानं त्याच्याकडची नवी वायर काढून, परत लावून पाहिलं होतं आणि चाललं होतं. तू विचारलंस, वायर लावलेलीच राहिली आणि नुसती लाईट गेली, आली, लगेच परत गेली, तर? त्यावर त्याला तू लिहिलं होतंस, "तुमच्याकडं लाईट जात न्हाई, म्हणून हे तुमच्या ध्यानात आलं न्हाई."

मी म्हणाले, "टोमणा वाटतो."

"टोमणा कुठं? खरं हाय ते."

"खरं हाय म्हणूनच टोमणा."

तू ते खोडलंस. मग बदलून वाचलंस, "आमच्याकडं लाईट फार जाते, म्हणून आमच्या ध्यानात आलं." गोष्ट तीच होती. त्या माणसाचं उत्तर आलं तेही तू वाचून दाखवलंस. त्यानं लिहिलं होतं की त्याच्या मनातही हे आलं नव्हतं, त्यानं तुझे आभार मानले होते आणि तो सगळं नव्यानं लिहायला बसला होता. तू खुर्चीतल्या खुर्चीत गोल फिरलीस आणि म्हणालीस, "पाह्य, तुझ्यामुळं चिडला न्हाई." माझ्यामुळं कसलं. पण मी ते दिवसभर मनात घोळवलं.

आणि मग ते नावाचं भांडण.

त्याचं नवं लिहून होईपर्यंत जेवढं तयार होतं तेवढं आपल्याच काट्यावर चालवून पाहावं लागत होतं. तशी जुनी वायर त्यांच्यातल्या कोणाकडंच राहिली नव्हती. तू पडद्यावर गुंतलेली असायचीस, म्हणून काट्याजवळ मी. मी वजन ठेवायचे, काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचे, मग पडद्यावरचा वाचायचे. दोन्ही सारखे तर बराबर. मला वाटलं, मी तुला हातभार लावते, जसा पापड लाटताना लावतात. पण तुमच्यात रीत वेगळी. ज्यानं वाचून तपासलं त्याच्या नावाची एक ओळ आणि ज्यानं चालवून पाहिलं त्याच्या नावाची एक ओळ, त्या दुरुस्तीखाली कायमची राहते. तू म्हणालीस, "तपासलं मी. चालवून पाहिलं तू. तुझं नाव सांग."

"तुला माझं नाव माहीत न्हाई?"

"माहीत हाय. पण बिनइचारता कोणाचं नाव टाकत न्हाईत. ज्याचं त्यानं सोताच्या तोंडानं सांगायचं."

"मग उजूची आई म्हणून टाक."

"असं चालत न्हाई तिथं."

"तर तुझंच टाक दोन्हीकडं."

तेव्हा तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी तुला काटा मारायला सांगितला. "मी चालवून पाहिलं न्हाई, आई. खोटं कसं लिहू?"

माझी अडचण तुला ठाऊक होती. बाईचं पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव. आणि ते मी उखाण्याशिवाय आजवर घेतलेलं नाही. नरसीच्या महाराजांचं आणि तुझ्या बाबांचं नाव एकच, म्हणून मी महाराजांचंही नाव कधी घेतलं नाही. नुसतं 'नरसीचे महाराज' म्हणते. महाराज समजून घेत असतील. तू म्हणालीस, मधलं सोडून दे, नाव आणि आडनाव पुरे. मी म्हणाले, मधे कोणीच नाही म्हणल्यावर लोक काय समजतील? तू कपाळावर हात मारून घेतलास. "आई, ते लोक समुद्रापलीकडं हायेत!"

"असू दे. समुद्रापलीकडं बी लोकच हायेत."

तू हसलीस, पण ओळ रिकामी ठेवलीस. त्या माणसाचं नव्यानं लिहिलेलं आलं, तू ते तपासलंस, बराबर आहे असं लिहून पाठवलंस, आणि त्याच दुपारी तुला ताप भरला. ते शेवटचं काट्यावर चालवून पाहायचं राहिलं. गाडीत बसताना तू मला म्हणालीस, "नांदेडहून आल्यावर पाहू. तवर नावाचा इचार करून ठेव."

त्या दवाखान्यातलं मी लिहीत नाही. ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

तू गेल्यावर लिजीचा फोन आला. तुमच्यातली ती केरळातली लिजी, जिचा शब्द शेवटचा, जिला तू आमची मुकादम म्हणायचीस. ती रडत होती. तिची हिंदी मोडकी आणि माझी तिच्याहून मोडकी, म्हणून आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या फोन धरून राहिलो. तिनं कामाचं काही काढलं नाही. मीच विचारलं, "वो काटे का काम, उसका क्या हुआ?"

"रुका है, अम्मा. उज्ज्वला ने देख लिया, ठीक बोला. लेकिन मशीन पे टेस्ट नहीं हुआ. आप वो सब मत सोचो."

"टेस्ट नहीं हुआ तो?"

"तो हम नहीं ले सकता." मग तिनं सांगितलं, "उज्ज्वला ने खुद लिखा है, अम्मा. चलाके देखे बिना मत लेना."

म्हणजे तुझं एवढं वाचलेलं, परत पाठवलेलं, परत वाचलेलं, सगळं तुझ्याच एका वाक्यावर अडून बसलं होतं. मला राग यायला पाहिजे होता. पण मला काय आलं ते सांगते. आपल्यात असं तोंडावर म्हणत नाहीत, म्हणून मी तुला कधी म्हणाले नाही. मला अभिमान आला. मरणाच्या दारात जाणारी माझी पोर स्वतःच्या कामालाही सूट देऊन गेली नव्हती.

मी तुझ्या बाबांना म्हणाले, "दुकान उघडा."

तू गेल्यापासून त्यांनी कुलूप काढलं नव्हतं. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. चावी घेतली आणि पुढं झाले.

कम्प्युटर लावला. लिजीनं फोनवर एकेक आकडा विचारून घेतला आणि मग तिकडूनच आपला पडदा हाती घेतला. बाण आपोआप फिरायला लागला, खिडक्या उघडायला लागल्या. तुझ्या बाबांनी मान फिरवली. मला मात्र बघावंसं वाटलं. तूही असंच भराभरा करायचीस.

नवीन ड्रायव्हर बसला. मी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं. काट्यावर पाच, पडद्यावर पाच. आता लाईट जायला पाहिजे होती. आणि उजू, तुला हसू येईल, त्या दिवशी लाईट जाईचना! रोज तिला शिव्या घालतो आणि आज बया ठाण मांडून बसली. लिजी तिकडं फोन धरून, मी इकडं काट्याजवळ, बाबा दारात उभे राहून तारांकडं बघतात.

"कधी जाती हो?" मी म्हणाले.

"आता मी काय तिला निरोप धाडू?" मग तेच म्हणाले, "थांब, मी घालवतो," आणि मेनजवळ गेले. खटका खाली, खटका वर.

"तशी न्हाई," मी म्हणाले. "आपली जाती तशी. जाती, येती, पुन्यांदा जाती."

"आता लाईट बी तूच शिकव मला." पण त्यांनी अगदी तशीच घालवली. पंखा थांबला, फिरला, थांबला, फिरला. मी वजन उचललं आणि तुरीचं अर्धं पोतं ठेवलं. काट्यावरचा आकडा वाचला. पडद्यावरचा वाचला. सारखा. पोतं उचललं. काट्यावर शून्य. पडद्यावर, उजू, शून्य.

लिजी म्हणाली, "बस, अम्मा. हो गया."

मी म्हणाले, "नहीं. और एक बार." तू एकदा पाहून कधी सोडलं नाहीस, मग मी कशी सोडणार? आम्ही बऱ्याच वेळा केलं. बाबांचा हात खटक्यावर, माझे डोळे दोन आकड्यांवर. एकदाही जुनं वजन राहिलं नाही. मी फोनमधे म्हणाले, "काटा बराबर है." हे बोलताना माझा आवाज फुटला, पण मी ते पुन्हा नीट म्हणाले, कारण फुटलेल्या आवाजात दिलेली साक्ष कोण धरतं?

मग लिजी हळूच म्हणाली, "अम्मा, नाम? आपके मुँह से बोलना पड़ेगा. उज्ज्वला इस में बहुत कड़क थी."

"मालूम है," मी म्हणाले.

बाबा मेनजवळ उभे. दोन हातांवर. रस्त्यावरून सेनगावची जीप हॉर्न देत गेली, ती जाईपर्यंत मी थांबले. पदर नीट घेतला. आणि पूर्ण नाव सांगितलं, शाळेत हजेरीला सांगायचे तसं, सरळ उभं राहून. गोदावरी नामदेव, आणि पुढं आडनाव. घेतलं आणि वर आता लिहिलंही, बघ.

 तुझे बाबा माझ्याकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते माझ्या तोंडून लग्नातल्या उखाण्यातच काय ते ऐकलेलं.

मग ते म्हणाले, "बिनउखाण्याचंच?"

"तिकडं उखाणा चालत न्हाई म्हणे," मी म्हणाले.

ते हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं, खिशातली दस्ती तोंडाला लावून ते बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. मी त्यांना जाऊ दिलं.

लिजीनं तिकडं काहीतरी लिहिलं, तिच्या बोटांचा आवाज फोनमधून येत होता. मग ती म्हणाली की हे आता सगळीकडं जाईल, जिथं जिथं असा जुना काटा असेल आणि अशी लाईट जात असेल तिथं. आणि कोणी उघडून पाहिलं तर खाली ओळी दिसतील. मी म्हणाले, वाचून दाखव. तिनं वाचलं. लिहिलं त्या माणसानं. तपासलं तू. चालवून पाहिलं मी. तुझं नाव वर, त्याच्या लगेच खाली माझं, मधे काहीच नाही.

मी म्हणाले, "फिर से पढ़ो."

तिनं परत वाचलं.